सहा चमच्यांचा नवरा

आदरणीय वन्संना,

नमस्कार. हे पत्र हाती पडेल तेव्हा तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत डावा पाय स्टुलावर टाकून बसलेल्या असाल, असं मनाशी धरून लिहायला घेतलं आहे. गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजींचा खोकला थांबला का? आणि तुमच्या बंधुराजांनी स्वतः काचा घासून पाठवलेला चष्मा डोळ्यांना लागला का? (एका डोळ्याने जवळचं आणि दुसऱ्याने लांबचं दिसत असेल तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. काचा घासताना त्यांचं लक्ष कुठे होतं ते पुढे येईलच.) इकडचं विचाराल तर हे ठणठणीत आहेत, आणि मी आहे. खरं तर फोनवरच बोलले असते, पण आमच्या घरातला फोन जेवणाच्या वेळेला मोकळा नसतो, आणि इतर वेळी बोलताना माझा आवाज जरा जरी हलला तरी तुम्ही 'त्याला दे बघू फोन' म्हणाल, म्हणून पत्र. शिवाय मी बसते टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर. आपलं पाकीट आपणच काट्यावर ठेवून आपणच त्यावर शिक्का मारण्यात जे समाधान आहे ते हल्ली मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

यांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि वजन उतरतंय, एवढं तुम्हाला माहीतच आहे. एकशे अठ्ठावीसचे सात महिन्यांत सत्त्याण्णव झाले. बुटांची नाडी आता स्वतः बांधतात, दुकानाचं शटर एका दमात वर करतात, आणि झोपेत घोरायचे थांबले आहेत. मला आनंदच आहे, वन्सं. ऑपरेशन करा म्हणून तीन वर्षं मीच मागे लागले होते, हाताला धरून दवाखान्यात मीच नेलं होतं. (आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो आधी उचलावा लागतो, तसं.) पण त्या ऑपरेशनात डॉक्टरांनी पोट किती कापलं, किती ठेवलं हे सगळं चित्र काढून समजावलं, आणि त्यानंतर घरात काय होईल याबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

पूर्वी कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याच हाताखाली वाढलेत. एकवीस वर्षं मी रोज सकाळी विचारत आले, आज काय करू? आणि एकवीस वर्षं उत्तर आलं, काहीही कर. मग मी काहीही करायचे आणि ते सगळं खायचे. चव कशी झाली हे भांड्याच्या तळावरून ओळखायचं. आता त्या पोटात एका वेळेला सहा चमचे मावतात. सातवा गेला की नाक गळायला लागतं, आठवा गेला की त्यांचा चेहरा पुढचे दोन तास बघवत नाही. त्यामुळे 'काहीही'वाला माणूस आता दिवसातून तीनदा अर्धा अर्धा तास विचार करतो, की या सहा चमच्यांत काय घ्यावं. आधी अंडं की आधी मासा? दही घेतलं तर डाळीला जागा राहील का? भाताचा एक चमचा म्हणजे उधळपट्टी तर नाही? इतका विचार त्यांनी मला बघायला आले तेव्हासुद्धा केला नव्हता. आणि हा सगळा विचार ते माझ्याशी करत नाहीत, हे माझं दुखणं आहे.

दवाखान्याची एक पद्धत आहे. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला ऑपरेशन झालेलाच दुसरा एक जण जोडून देतात. त्याला म्हणायचं 'सोबती'. जेवायला बसण्याआधी सोबत्याला फोन करायचा, समोर काय काय आहे ते सांगायचं, त्याच्यासमोर काय आहे ते विचारायचं, आणि दोघांनी मिळून ठरवायचं की आज काय खायचं आणि कोणत्या क्रमाने. म्हणे असं केल्याने माणूस घाईत खात नाही आणि एकटा पडत नाही. (एकटा! मी समोर डाव घेऊन उभी असते.) बरं, दवाखान्यात माणसं काय थोडी होती? एक रखवालदार होता, एक निवृत्त हेडमास्तर होते. पण यांच्या वाट्याला आल्या मोटार शिकवणाऱ्या बाई. त्यांची स्वतःची शाळा आहे, दोन गाड्या आहेत, आणि आवाज असा आहे की समोरून ट्रक आला तरी शिकणाऱ्याने स्टिअरिंग सोडू नये. आम्ही त्यांना मोटारबाई म्हणतो. म्हणजे मी म्हणते. हे 'मॅडम' म्हणतात.

चमचा मोजण्यात हात गुंतलेले असतात म्हणून फोन स्पीकरवर टेबलाच्या मधोमध, जिथे पूर्वी मिठाची बाटली असायची तिथे. सावकाश, त्या म्हणतात. घाई नाही. आता थांबा. श्वास घ्या. आता पुढचा. आणि तुमचा भाऊ, वन्सं, जो आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून रस्त्याच्या डावीकडून उजवीकडे गेला नाही, तो थांबतो, श्वास घेतो आणि पुढचा घास घेतो. मी गेली एकवीस वर्षं 'जरा सावकाश जेवा' म्हणतेय ते काय भिंतीला सांगत होते? पण तेही मी गिळलं असतं. (माझ्या पोटात अजून जागा आहे.) जे गिळता आलं नाही ते वेगळंच आहे. सगळं ठरल्यावर, पहिला चमचा उचलण्याआधी, हे फोनकडे थोडे झुकतात आणि मऊ आवाजात विचारतात, "आणि तुम्ही काय खाल्लंत आज?"

मला हा प्रश्न त्यांनी कधी विचारलेला नाही. एकदाही नाही. लग्नानंतर नाही, बाळंतपणात नाही, माझ्या दाढा काढल्यावर चार दिवस मी पाण्यावर होते तेव्हाही नाही. मला ती मोटार नको, तो आवाज नको, ते चमचे पण नकोत. पण त्या प्रश्नाचा मला हेवा वाटतो आणि तो मी लपवत नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातलं पातेलं मी इतक्या जोरात ओट्यावर ठेवलं की फोनमधून त्या म्हणाल्या, काही आपटलं का? हे म्हणाले, नाही नाही, आमच्या इथे असं होत असतं.

मग मी उपाय सुरू केले. आधी दवाखान्यातल्या आहार ठरवणाऱ्या मुलीकडे गेले. (वय पंचवीस, कंबर एवढीशी, आणि जेवावं कसं ते सगळ्यांना शिकवते.) म्हटलं, यांची सोबती मला करा, मी चोवीस तास हजर असते, फोनचाही खर्च नाही. ती गोड हसून म्हणाली, काकू, सोबती ऑपरेशन झालेलाच लागतो, कारण त्यालाच ती अडचण कळते. म्हटलं, मग माझं ऑपरेशन करा. तिला गंमत वाटली, पण मी उठेचना, तेव्हा तिने मला काट्यावर उभं केलं, उंची घेतली, कागदावर आकडेमोड केली आणि जाहीर केलं की ऑपरेशनला पात्र व्हायला मला अजून अठरा किलो कमी पडतात. वन्सं, मी शाळेत कधी नापास झाले नाही, खात्याच्या परीक्षेत दुसरी आले, आणि इथे वजनात मागे पडले! त्यातही खेदाची गोष्ट अशी की गेल्या सात महिन्यांत माझं वजन सहा किलोने वाढलं आहे. वाढणारच. सहा चमच्यांसाठीसुद्धा स्वयंपाक काही सहा चमच्यांचा करता येत नाही, आणि उरलेलं टाकायची मला सवय नाही. त्यांच्या अंगावरून उतरलेलं थोडंफार घरातच राहिलंय, बाहेर गेलेलं नाही, एवढंच म्हणायचं.

जाताना त्या मुलीला माझी दया आली असावी. ती म्हणाली, येत्या गुरुवारी घरच्या माणसांना बोलावलंय, तुम्ही या, आणि काहीतरी मऊसं करून आणा. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत त्यांची बैठक असते. खुर्च्या रुंद, बिनहातांच्या. लांब टेबलावर अठरा वाट्या मांडायच्या, प्रत्येकीसमोर नुसता नंबर, कुणी काय आणलं ते सांगायचं नाही. रुग्णांनी फक्त सहा चमचे खायचे, अठरातून निवडून. म्हणजे म्हणे त्यांना निवड करायची सवय लागते. हे वाचता वाचता तुम्ही हसाल, पण मी हे ऐकलं त्या क्षणी ठरवलं की ही परीक्षा रुग्णांची नसून माझ्या नवऱ्याची आहे.

मी भोपळ्याचं सूप केलं. पहिलं गुठळ्या झाल्या म्हणून मीच संपवलं, दुसरं दोनदा गाळलं, आलं किसून त्याचा फक्त रस घातला. नेहमीचा पोचा आलेला डबा दिसला की ते ओळखतील म्हणून मुद्दाम काचेची नवी वाटी आणली. नावाने नको, भांड्याने नको, हाताच्या चवीने ओळखा, असा माझा बाणा. (वन्सं, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. बेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही. ते मीही सूप गाळताना स्वतःला सांगत होते.) माझा नंबर आला अकरा. मी भिंतीजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले आणि पार्सलच्या खिडकीतून बघते तसं बघायला लागले.

हे चमचा घेऊन निघाले. तीन नंबरचा मासा, एक चमचा. पाच नंबरचं अंडं, एक. सात नंबरला घट्ट दही होतं, वर काहीतरी हिरवं पेरलेलं. तिथे ते थांबले, एक घेतला, डोळे मिटले, आणि मग दुसरा घेतला. कुणाचं दही ते मला नंबर न बघता कळलं, कारण शेजारी उभी राहून मोटारबाई म्हणत होती, सावकाश. सहातले दोन चमचे एका दह्यावर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग ते अकरापाशी आले. वाकले. वास घेतला. आणि सरळ उभे राहून ते पुढे बारावर गेले! तिथली डाळ एक चमचा, पंधरावर शिजवलेली कोंबडी एक चमचा, संपले सहा. रुमालाने तोंड पुसलं, चमचा खाली ठेवला, आणि माझ्याकडे बघून हात हलवला. जणू मी स्टेशनवर पोचवायला आलेय.

पण माझ्या नशिबात त्याहून वाईट होतं. मोटारबाईने स्वतःच्या सहातला एक चमचा अकरातून घेतला. मग दुसरा. मग तिसरा, मग चौथा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, हे कुणाचं हो? मी जमिनीकडे बघत राहिले. आहारवाल्या मुलीने यादी बघून माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. बाई माझ्याच वयाची निघाली, बसकी, हसरी, आणि नाकावर चष्मा होता तपकिरी फ्रेमचा, जो मी गेल्या वर्षी यांच्या दुकानात मागितला होता आणि तुझ्या चेहऱ्याला तो जात नाही असं मला सांगण्यात आलं होतं. तिच्या चेहऱ्याला जातो. मी खोटं कशाला बोलू? तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला, म्हणाली, महिन्याभरात इतकं सुखाने काही खाल्लं नव्हतं, कसं केलंत ते सांगा. सांगितलं. आलं तेवढं सांगितलं नाही. पाप लागायचं तर लागो.

घरी येताना बसमध्ये काचेची वाटी मांडीवर धरून मी तीन थांबे मोजले. चौथ्याला विचारलं, अकरा नंबर का घेतलं नाही? हे खिडकीबाहेर बघत अगदी सहज म्हणाले, "ते तुझं होतं. वासावरूनच कळलं. तुझं तर रोजचंच आहे, सहाच चमचे होते, म्हटलं दुसरं काही बघावं."

वन्सं, म्हणजे मी परीक्षेत त्यांना पास केलं की नापास? ओळखलं तर त्यांनी एका हुंगण्यात. अठरा वाट्यांतून, गुळगुळीत काचेच्या वाटीतून, बायकोचा हात ओळखला. आणि ओळखला म्हणूनच सोडला. पिकतं तिथे विकत नाही हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण आपणच पीक असलो की ते वाक्य फार वेगळं लागतं. मला इतका राग आला की मी एक थांबा आधीच उतरले. आपला थांबा आला असं समजून हेही उतरले. मग राहिलेलं अंतर आम्ही चालत गेलो, मी पुढे आणि ते मागे, आणि मागून ते सांगत होते की पूर्वी एवढं चालणं त्यांना जमलं नसतं.

तेव्हापासून मी घरात मोजकं बोलते. त्यांच्या ते लक्षात आलं असेल तर त्यांनी दाखवलेलं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ फोन चालू आहे. काल मोटारबाईने भोपळ्याचं सूप केलं होतं आणि त्यात काहीतरी कमी पडतंय असं ती सांगत होती. हे म्हणाले, आलं घालून बघा. वन्सं, सात महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवलेली मला आठवत नाही, आणि माझ्या सुपात आलं असतं हे त्यांना ठाऊक होतं! एवढं ठाऊक आहे आणि मला सांगितलं कधी नाही, हे जास्त लागलं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक घेत जा, टाळाटाळ करू नका. भावोजींना नमस्कार. या पत्रातलं काही त्यांना वाचून दाखवू नका, विशेषतः अठरा किलोंचं.

तुमची,
भावजय

ता. क. पत्र लिहिण्यामागे एक काम होतं, ते वर राहून गेलं. तुम्ही यांना फोन करता तेव्हा एकदा, सहज, दुसरंच काही बोलता बोलता विचाराल का, की "काय रे, ती काय खाते?" ती म्हणजे मी. मी सांगितलंय हे कळू देऊ नका. जे उत्तर देतील ते जसंच्या तसं मला लिहा, चांगलं करून लिहू नका. उत्तर येत नसेल तर किती वेळ गप्प होते तेवढं लिहा. त्यावरून मला पुढचं ठरवता येईल. एवढं एकच मागते.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. आज सकाळी हे वही आणि पेन घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "तू काय खाल्लंस?" माझ्या हातातून झारा पडला. एकवीस वर्षं, वन्सं. डोळे भरून आले. पण तेवढ्यात वहीवर नजर गेली. वर लिहिलं होतं, 'या आठवड्याचा अभ्यास : घरातील इतर व्यक्तींचा आहार'. म्हणजे उत्तर मोटारबाईला वाचून दाखवायचं म्हणून हा प्रश्न होता! मग मीही सोडते की काय. म्हटलं, लिहा. दोन अंडी, लोणी लावलेला ब्रेड, कापलेलं सफरचंद, आणि हे सगळं टेबलाशी बसून, निवांत. त्यांनी एकेक शब्द लिहून घेतला. मग चष्मा काढून पुसला, वहीतल्या ओळीवर रेघ मारली आणि म्हणाले, "खोटं सांगतेस. कालचा भात खाल्लास. गार. ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच. कालही तसंच, परवाही तसंच." आणि तसं लिहून वही मिटून ते दुकानात गेले.

मी ओट्याशी तशीच उभी राहिले. भात खरंच तसाच खाल्ला होता, आणि त्या वेळी ते फोनवर अंड्याचं बोलत होते, पाठ माझ्याकडे.

तेव्हा वन्सं, फोन मात्र कराच, फक्त प्रश्न बदला. विचारा, की तुला एवढं सगळं दिसत होतं, तर इतक्या वर्षांत एकदाही तिला 'खाली बस' का म्हणाला नाहीस? आणि उत्तर द्यायच्या आधी त्यांना दुसरीकडे फोन लावू देऊ नका.